धबधब्याची वेळ दहा ते पाच

पावसाचे चार महिने सोडले, तर त्या डोंगरावरचा धबधबा सकाळी दहाला सुरू होई आणि संध्याकाळी पाचला बंद पडे. दुपारी एक ते दीड त्याला जेवणाची सुट्टी असे. सुट्टी खरे तर पंपवाल्याची. पण पंपवाला डबा उघडून बसला की कडा कोरडा पडे, आणि खाली खोळंबलेल्या पाहुण्यांना सांगितले जाई की वरच्या जंगलातला प्रवाह निसर्गतःच कमीजास्त होत असतो. पाहुणे मान डोलावत. सुट्टीवर आलेल्या माणसाला मान डोलवायला फारसे लागत नाही.

डोंगराच्या कुशीतल्या रिसॉर्टने छापलेल्या पत्रकात परिसरातील सात रमणीय स्थळांची यादी होती. त्यात सूर्यास्ताचा कडा होता. तेथे माणसे सूर्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत. प्रतिध्वनीची दरी होती. समोर गाड्या लावण्यासाठी तीन मजली इमारत उभी राहिल्यापासून तिच्यातून हाकेला उत्तर येईनासे झाले होते, तरी लोक ओरडतच असत आणि ऐकू आले असे एकमेकांना सांगत. थंड गुहा होती. तिच्यात हिरवा दिवा होता आणि कोपऱ्यात कायम कोणाची तरी लघवी. या सातांत पहिला मान धबधब्याचा.

धबधबा चालवणाऱ्याला तेथे तेवीस वर्षे झाली होती. गावातले जीपवाले त्याला ‘पर्जन्यखातं’ म्हणत.

“काय पर्जन्यखातं, दोन बस निघाल्यात. सोडा!” जीपवाल्याचा फोन येई.

“अकरा मिनिटं लागतील.”

“अहो, बसमध्ये सगळी नवीन लग्नं झालेली आहेत. जरा जोरात सोडा.”

“मग पाऊसच पाडतो की. छत्र्या आणल्यात का विचार.”

कामाची रीत अशी होती. कड्याच्या पायथ्याशी डोह. डोहाला लागून सिमेंटचा एक मोठा खडक, शेवाळी रंगाने रंगवलेला; आतून तो पोकळ होता आणि त्यात दोन पंप होते. पंप डोहातले पाणी कड्यामागच्या टाकीत चढवत, टाकीतून ते कड्यावरून खाली पडे, आणि पुन्हा डोहात येई. बटण दाबल्यापासून पूर्ण धार लागायला अकरा मिनिटे लागत. बंद केल्यावर टाकी रिती व्हायला सात. या अठरा मिनिटांचा हिशेब त्याच्या हाडांत मुरलेला होता. घरी चहाचे आधण ठेवले तरी तो किती मिनिटे म्हणून विचारी.

खडकाच्या दारापुढे जमिनीवर पिवळी रेघ मारलेली होती. पाहुण्यांच्या वेळेत कर्मचाऱ्याने रेघेपुढे यायचे नाही. दहा ते पाच या वेळात त्याला कोणी पाहिलेले नव्हते, आणि त्याने मात्र सगळ्यांना पाहिले होते; कारण डोहातली पातळी दिसावी म्हणून खडकाला पेल्याच्या तोंडाएवढे भोक ठेवलेले होते.

पहिल्या काळात वर एक ओढा होता आणि त्याचे पाणी टाकीत येई. पंप फक्त त्याला हातभार लावत. मग ओढा रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावाकडे वळवला गेला आणि धबधब्याच्या वाट्याला त्याचेच पाणी पुन्हा पुन्हा आले. दोन वर्षांपूर्वी डोहाच्या वरच्या अंगाला चाळीस खोल्यांची नवी इमारत झाली. खोल्या झाल्या, त्यांचे संडास झाले, पण त्या संडासांची टाकी जुन्याच अंदाजाने बांधलेली. ती तुंबू लागली, आणि तुंबलेले पाणी गवताआडून हिरव्या चरातून सरळ डोहात उतरू लागले.

पंपवाल्याला हे कोणी सांगावे लागले नाही. रोज सकाळी सातला, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवून, तो डोहात कमरेइतक्या पाण्यात उतरे आणि पाणी ओढणाऱ्या नळाच्या तोंडावरची जाळी हाताने साफ करी. जाळीत केसांची गुंतवळ असे, वेफर्सची पाकिटे असत, सिगारेटची थोटके, जखमेवरच्या पट्ट्या, फुगून उशीएवढे झालेले तान्ह्या मुलांचे लंगोट, एकदा तर रंगवलेली पाच खोटी नखे. हे सगळे माणसांचेच, पण वरवरचे. नवी इमारत झाल्यापासून जाळीला एक पांढुरका, मऊ, बोटांतून निसटणारा लगदा चिकटू लागला. तो कशाचा हे त्याला पहिल्या दिवशी कळले, आणि त्या दिवशी तो डबा न उघडताच घरी घेऊन गेला.

तेव्हापासून त्याची अन्नावरची वासनाच उडाली. घरी आल्यावर तो कोपरापर्यंत साबण लावी. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

“साबणाची वडी चार दिवसांत संपते,” त्याची बायको म्हणे. “दुकानदार विचारत होता, घरात लग्नाची पोर आहे का म्हणून. म्हटलं, पोर दिली, आता बापालाच उजवायचाय.”

“वास येतोय.”

“ताटाला?”

“हाताला.”

ती त्याचा हात नाकाशी धरून हुंगे आणि साबणाचा वास येतो असे सांगे. ते खरे होते. पण किळस एकदा मनात घर करून बसली की नाकाची साक्ष चालत नाही.

तो मॅनेजरकडे गेला नाही असे नाही. तीनदा गेला.

“साहेब, नव्या खोल्यांची टाकी भरून वाहतेय. डोहात येतंय सगळं.”

“किती येतंय?”

“रोज येतंय.”

“मी किती विचारलं.”

“त्याला माप काय लावायचं, साहेब?”

मॅनेजर हसला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त सुट्टीच्या हंगामात वाईट बातमी नको असे, आणि हंगाम वर्षभर चाले. “हे बघा, पाणी वरून पडतं, हवा लागते, ऊन लागतं. आपोआप साफ होतं. तुम्ही वासाचं म्हणताय ना? वासाचं बघतो.”

आणि त्याने वासाचेच पाहिले. तिसऱ्या दिवशी हिरव्या द्रवाचा एक मोठा डबा आला. रोज सकाळी दोन मग डोहात ओतायचे. त्याला कापलेल्या गवताचा, लिंबाचा आणि कुठल्याशा फुलाचा मिळून वास होता. हा वास खालच्या वासाला मारत नसे, त्याच्यावर पांघरूण घाली. घाणीपेक्षा पंपवाल्याला या सुगंधाचीच जास्त शिसारी येऊ लागली. घाण निदान आपण कोण हे लपवीत तरी नव्हती.

पुढची चूक मात्र मॅनेजरची नव्हे, त्याची स्वतःची. एका सकाळी, दहाच्या आधी, तो कमरेइतक्या पाण्यात जाळी खरवडत असताना एक बाई काठावर येऊन उभी राहिली. फिरायला म्हणून लवकर निघालेली, चांगल्या घरची, बोलायला मृदू.

“इथे किती छान सुगंध येतो हो! कशाचा?”

त्याच्या मुठीत तो लगदा होता. मूठ त्याने पाण्याखाली नेली. या बाईसमोर, या अवस्थेत, डब्यातला वास आहे असे म्हणायची त्याला विलक्षण लाज वाटली. “वर जंगलात झाडपाला आहे,” तो म्हणाला. “त्याचा असेल.”

एवढेच. बाईने ते जीपवाल्याला सांगितले. जीपवाल्याने झाडपाल्याला औषधी केले. महिन्याभरात डोहाच्या काठी लाकडी फलक लागला: चाळीस दुर्मीळ वनस्पतींच्या मुळांतून पाझरणारे जल, त्वचाविकारांवर गुणकारी, असा स्थानिक लोकांचा शतकानुशतकांचा अनुभव. हे स्थानिक लोक म्हणजे तो एकटा, आणि ती शतके म्हणजे मागचा हिवाळा. तेव्हापासून पाहुणे नुसते भिजत नसत, ते पाणी पिऊ लागले, बाटल्यांत भरून नेऊ लागले. काहींची पोटे बिघडत. त्यांना उंचावरची हवा बाधली असे सांगण्यात येई.

भोकाला डोळा लावून तो हे पाही. एखादा म्हातारा ओंजळ डोळ्यांना लावी, एखादी आई मुलाच्या तोंडाला ओंजळ लावी. पंपवाला पंपाची वीज दाखवणाऱ्या काट्याकडे तोंड फिरवी. सगळ्या गावाला पंप ठाऊक होता. गावाच्या जीपा, दुकाने, धुलाई, सगळे रिसॉर्टवर होते, आणि एवढी माणसे एकाच पाण्यावर जगत असली की त्या पाण्याविषयी कोणी बोलत नाही. तोही बोलला नाही. परके लोक आहेत, उद्या निघून जातील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

आठवड्यापूर्वी लेकीचा फोन आला. ती तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली होती. तिला पंप ठाऊक होता, चर ठाऊक नव्हता. नऊ महिन्यांच्या बाळाच्या कोपरांवर, गुडघ्यांमागे आणि कानामागे लाल पुरळ उठले होते. डॉक्टरांच्या मलमाने हळूहळू उतार पडत होता. पण शेजारणीने तिच्या सासूबाईंना रिसॉर्टचे पत्रक दाखवले होते.

“बाबा, सासूबाई म्हणतात, सुनेच्या माहेरी औषधी धबधबा आणि आपण मलमं चोळत बसलोय. घेऊन येऊ का त्याला?”

“नको,” तो घाईने म्हणाला. “इकडे फार थंडी आहे सध्या. बाळाला बाधेल.”

फोन ठेवल्यावर बायको त्याच्याकडे बघत राहिली. “सांगून टाकायचं होतंत.”

“काय सांगू? लग्नात तूच सांगितलंस ना त्यांना, धबधब्याचे साहेब आहेत म्हणून?”

“साहेबाला खरं बोलता येत नाही असं कुठे सांगितलं होतं मी?”

त्यावर तो हात धुवायला उठला.

पुढच्या सार्वजनिक सुट्टीला तीन बस आल्या. सव्वाअकराला धबधबा पूर्ण धारेने पडत होता आणि डोहाच्या काठावर पाय ठेवायला जागा नव्हती.  पातळी बघायला म्हणून त्याने भोकाला डोळा लावला. ओल्या कपड्यांची, एकमेकांवर पाणी उडवणारी, पाण्यातच थुंकणारी ती गर्दी त्याने हजारदा पाहिली होती. तिच्यात त्याला पिवळी लोकरीची टोपी दिसली. ती टोपी त्याच्या बायकोने विणली होती; टोकाला गोंडा जरा तिरका बसला होता. टोपीखाली त्याचा नातू होता, आणि नातवाला कडेवर घेतलेली त्याची लेक.

शेजारी विहीणबाई. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, सुती साडी, डोळ्यांवर चष्मा, हातात झाकणाची स्टीलची बरणी. त्यांनी फलक वरपासून खालपर्यंत नीट वाचला. मग वाकून ओंजळ भरली, हुंगली, आणि एक घोट घेतला. बाळाला लावण्याआधी त्यांनी ते स्वतःवर पडताळून पाहिले; विचारी माणसाने करावे तसेच केले. घोट गिळून त्या समाधानाने सुनेला काही म्हणाल्या, आणि लेकीने बाळाच्या अंगरख्याची पहिली गुंडी काढली.

त्याने फोन लावला. लेकीचा फोन तिच्या खांद्यावरच्या पिशवीत होता आणि समोर धबधबा कोसळत होता. त्याने भोकाला तोंड लावून हाक मारली. मग तो वळला आणि दोन्ही लाल बटणे एकदम दाबली.

खडकाच्या पोटात शांतता झाली. फक्त खडकाच्या पोटात. बाहेर पाणी पडतच होते, आणि अजून सात मिनिटे पडणार होते. नऊ महिन्यांच्या मुलाला उघडे करायला दोन मिनिटे पुरतात. तेवीस वर्षे सगळे काम यंत्राने त्याच्यासाठी केले होते; हे एक काम यंत्र करणार नव्हते. तोंडाने सांगावे लागणार होते.

त्याने दार लोटले आणि रबरी बुटांनिशी पिवळी रेघ ओलांडली.

“काका, जरा फोटोतून बाजूला व्हा ना,” कोणी म्हणाले. तो तसाच पाण्यातून गेला.

“अरे वा, आलात का!” विहीणबाई म्हणाल्या. त्याच्या बुटांकडे आणि कमरेपर्यंत ओल्या गणवेशाकडे त्यांची नजर गेली, पण त्यांनी ती लगेच वर घेतली. “सूनबाई म्हणाली, बाबांना चकित करू. म्हटलं, आधी याची अंघोळ उरकू, मग येऊ तुमच्याकडे.”

“त्याला पाण्यात घालू नका, विहीणबाई.”

“थंडीचं म्हणताय ना? अहो, कडकडीत ऊन आहे.”

थंडी. त्याचा स्वतःचा शब्द त्याच्यापुढे येऊन उभा राहिला. आणखी एखादा तसा शब्द सापडला असता. आज क्षार जास्त आहेत, साप दिसला. तो जिभेवर आलाही. पण विहीणबाईंच्या हनुवटीवर त्या घोटाचे ओघळ अजून ओले होते.

“हे पाणी वरून येत नाही,” तो म्हणाला. “इथलंच वर जातं. पंपाने मी चढवतो. आणि त्यात हॉटेलच्या संडासांचं पाणी येतं.”

लेकीने गुंडी काढता काढता हात थांबवला. “बाबा, काहीतरी काय!”

“पण चाळीस वनस्पती…” विहीणबाईंनी फलकाकडे बोट केले.

“वनस्पती नाहीत. चाळीस खोल्या आहेत.”

“आणि हा वास?”

“डब्यातला. रोज सकाळी दोन मग ओततात.”

“कोण ओततं?”

“मी.”

बरणी त्यांच्या हातातून सुटली नाही. त्यांनी ती शांतपणे उपडी केली आणि झाकण लावून पिशवीत ठेवली. मात्र चेहरा पांढरा पडला होता, आणि त्या ओठ पदराने पुसत होत्या, पुन्हा पुन्हा, जणू पुसण्याने गिळलेले परत येणार होते. आसपासच्या पाचदहा लोकांनी ऐकले. एका बाईने तोंडातले थुंकून टाकले, मग पुन्हा थुंकली. “कामावरून काढलेला दिसतोय,” एक पुरुष म्हणाला. दुसरा हसला.

तेवढ्यात धार पातळ झाली. आधी कडेचे पदर गेले, मग मधला. काठावरच्या माणसांनी माना वर केल्या. कडा उघडा पडला. त्यावर दोन काळे नळ मांडीएवढ्या जाडीचे, तोंडे वासून, आणि त्यांतून ठिबकणारे पाणी. बघण्यासारखे असे त्या डोंगरावर कित्येक वर्षांत काही दिसले नव्हते, ते त्या क्षणी दिसले. कोणी त्याचा फोटो काढला नाही.

“दादा,” गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या एकाने विचारले, “परत किती वाजता सुरू होणार? आमची बस साडेबाराला आहे.”

पंपवाल्याने त्याच्याकडे पाठ केली. त्याने दोघींना आणि बाळाला रेघेच्या आत, खडकातल्या आपल्या खोलीत नेले. तेथे तेलाचा आणि ओल्या सिमेंटचा वास होता, एक स्टूल होते, भिंतीशी हिरवा डबा होता, आणि घरून आणलेल्या पाण्याचे पिंप. पिंपावर साबण. विहीणबाईंनी चुळा भरल्या, हात धुतले, तोंड धुतले. मग डब्याचे झाकण काढून एकदा हुंगले आणि चटकन लावून टाकले.

“बाबा,” लेक म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे तो जास्त लागला. “मागच्या आठवड्यात तुम्ही थंडी आहे म्हणालात.”

“हो.”

“थंडी म्हणालात तुम्ही.”

विहीणबाई चष्मा पुसत होत्या. “मी प्यायले, ते जाऊ द्या. त्याचं डॉक्टर बघतील. मी एवढंच विचारते. आज आम्ही आलो नसतो, तर?”

त्याच्याजवळ उत्तर होते, आणि ते तिघांनाही ठाऊक होते. आज तो एक वाजता डबा उघडून बसला असता.

दारात रिसॉर्टचा वायरमन येऊन उभा राहिला. आत पाहुण्या बायका पाहून तो ओशाळला. “काका, साहेब भडकलेत. किल्ली द्या म्हणाले. आणि तुम्हाला ऑफिसात बोलावलंय.”

त्याने किल्ल्यांचा जुडगा दिला. वायरमनने, कोणाकडेही न बघता, दोन्ही हिरवी बटणे दाबली आणि गेला. पंप घरघरू लागले. विहीणबाईंनी भोकाला डोळा लावला.

“उभेच आहेत हो लोक,” काही वेळाने त्या म्हणाल्या.

“हो.”

“त्या पुढच्यांनी ऐकलं ना तुमचं? ती थुंकणारी बाई, तीही उभी आहे. मुलाला पुढे करून.”

 अकरा मिनिटे झाली असावीत. कारण बाहेर आधी एक आरोळी उठली, मग टाळ्या, मग पाण्यात उतरणाऱ्या पायांचा तो ओळखीचा खळबळाट. विहीणबाई भोकापासून मागे झाल्या. त्यांच्या तोंडावर आता जी किळस होती ती पाण्याची नव्हती.

“साहेबाकडे तक्रार केली होती का?”

“तीनदा.”

“लेखी?”

“तोंडी.”

“म्हणजे केली नाही.” त्यांनी पिशवीतून ते पत्रक काढले, सात रमणीय स्थळांची बाजू खाली करून स्टुलावर ठेवले, आणि आपले पेन त्याच्यापुढे धरले. “आता लेखी करा. आरोग्याधिकाऱ्यांना. खाली मी सही करते. मी प्यायलेली बाई आहे, मला कोणी खोटं म्हणणार नाही. आणि सुरुवात मॅनेजरपासून करू नका. सुरुवात तुमच्यापासून करा.”

लेक बाळाचे पाय पिंपाच्या पाण्याने धूत होती. तिने साबण दुसऱ्यांदा लावला, मग तिसऱ्यांदा. पंपवाल्याने हात गणवेशाला पुसले आणि पेन घेतले. त्याचे अक्षर मोठे आणि सावकाश होते, पंपाच्या नोंदवहीत लिहायचे तसे. मी, धबधब्यावरील पंपचालक, त्याने लिहिले, रोज सकाळी सात वाजता जाळी साफ करतो आणि डोहात दोन मग ओततो. येथे तो थांबला.

“पुढे?” विहीणबाई म्हणाल्या.

“झाडपाल्याचं कसं लिहू?”

“जसं झालं तसं.”

बाहेर कोणीतरी शिट्टी मारली. त्याने कागद जवळ ओढला आणि त्या मृदू बोलणाऱ्या बाईपासून लिहायला लागला.